हसून झाल्यावरचा चेहरा

मनसाराम पचारे पानठेल्याजवळ दिसला, की बोडीटोल्याची माणसं हसायच्या तयारीला लागायची. त्यानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं. खांद्यावर ओलं जाळं, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आणि एका बाजूनं वर ओढलेला ओठ, एवढ्यावरच काम भागायचं. मयताच्या घरी बाया त्याला म्हणायच्या, "मनसारामभाऊ, तुमी जरा मांगं उभे राहा बाप्पा. तुमाले पाह्यलं का हासू येते."

बोडीटोला मूल आणि सिंदेवाहीच्या मधात येतं. गावाच्या उशाला जुना मालगुजारी तलाव, त्याच्याखाली धानाच्या बांध्या, आणि तलावाच्या पलीकडच्या पाळीपासून, म्हणजे मातीच्या बांधापासून, जंगल. गावात तीसेक घरं ढिवरांची. पुरुषांनी तलावातून मासोळी काढायची आणि बायांनी ती टोपल्यात घेऊन मूलच्या बाजारात बसायचं, असा त्यांचा संसार. मनसाराम काढायचा, त्याची बायको कुंता विकायची. कुंता कमी बोलणारी. तराजू हातात घेतला की गिऱ्हाईकही तिच्याशी जास्त बोलायचं नाही.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते. त्या दिवशी बोडीटोल्यात दुपारपासून दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं सोंगांचं नाटक, चालायची आणि दंडारीत हसवायचं काम वर्षानुवर्षं मनसारामकडं होतं. कधी भित्रा शिपाई, कधी बहिरा सासरा, कधी मिशी ठेवूनच नवरी. आजूबाजूच्या गावांतून माणसं खास त्याला बघायला यायची.

त्याला दोन लेकरं होती. मोठा मिथुन आणि त्याच्यामागची दिव्यानी. मिथुन अकरा वर्षांचा असताना तलावात गेला. ढिवराचं पोर, चालायच्या आधी पोहायला शिकलेलं. पण त्या वर्षी तलावात शिंगाडा दाट लावला होता आणि वेलांच्या जाळ्यात त्याचा पाय गुंतला. गावातले सगळे पोहणारे पाण्यात उतरले. सापडला तो बापालाच. मनसारामनं त्याला खांद्यावर टाकून पाळीवरून घरी आणलं, अंगणात कुंतासमोर ठेवलं आणि बाजूला जाऊन बसला. रडला नाही. माती देतानाही रडला नाही, तेरवीलाही नाही.

महिन्याभरानं मंडई आली. गावानं ठरवलं, यंदा दंडार करायची नाही. मनसाराम म्हणाला, "काऊन नाई करायची? करू." तो बहिऱ्या सासऱ्याचं सोंग घेऊन उभा राहिला. पहिली काही वाक्यं लोक चुपचाप ऐकत होते. मग एकाला हसू फुटलं आणि मग सगळ्यांना. तो हसण्याचा आवाज कुंताला घरात ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला विचारलं, "तलावानं आपलं पोरगं नेलं. तुमाले काईच नाई वाटत का जी?"

मनसारामचा ओठ वर ओढला गेला. तो म्हणाला, "तलाव मासोळी देते त व्याज नाई घेनार का व?"

तो असं का बोलला हे त्यालाही कळलं नसावं. वर्षानुवर्षं प्रत्येक प्रश्नाला त्याच्या तोंडातून गमतीचं उत्तर निघायचं, तसंच तेही निघालं.  त्यानंतर कुंतानं मिथुनचं नाव त्याच्याजवळ कधी काढलं नाही. मासोळी किती निघाली, मीठ आणायचं आहे, दिव्यानीची फी भरायची आहे, एवढंच त्यांच्यात बोलणं उरलं. या नवऱ्याच्या आत काही नाही, नुसता पोकळ बांबू आहे, हे तिनं मनाशी धरलं आणि त्याच्यासोबत तशीच राहत गेली. दिव्यानी मोठी होऊन गडचिरोलीला नर्सिंगला लागली तरी घरातलं हे बोलणं वाढलं नाही.

फोटोवाला आला तो एका माघात, तलावाचं पाणी उतरलं आणि मासोळी काढायचे दिवस भरात आले तेव्हा. मिहीर सबनीस त्याचं नाव. पुण्याचा, चाळिशीतला, हळू बोलणारा. तो तलावांवर जगणाऱ्या माणसांचे मोठे मोठे चेहरे काढत हिंडत होता. बोडीटोल्याची वाट त्याला मूलच्या फारूकभाईनं दाखवली. फारूकभाईचा मूलला स्टेशनच्या रस्त्याला फोटो स्टुडिओ आहे. मनसारामची मासोळी वर्षानुवर्षं त्याच्या घरी जायची. त्यानं सबनीसला आधीच सांगितलं, "सगळ्यायचे फोटो निघतीन, पन मनसारामच्या मांगं लागू नका. आधार कार्डाच्या वक्ताले मी कितीदा काढला. मशीनपुढं बसला का याचं सोंग सुरू."

ते ऐकूनच सबनीसला मनसाराम पाहिजे झाला.

माणूस घाईचा नव्हता. तो रोज सकाळी मूलहून गाडीनं यायचा, पाळीवर बसायचा, डोंग्यातून फिरायचा, भाजलेली मरळ खायचा. पोचूबुढा आणि दोन-तीन बाया यांचे फोटो त्यानं आधी काढले. ते बघून माणसं चकित झाली. पोचूबुढ्याची म्हातारी म्हणाली, "हा बुढा घरात असाच दिसते. लोकाईले दाखवत नाई." सबनीस तेव्हा लाजल्यासारखा हसला होता.

मनसारामचे त्यानं ढीगभर काढले. सगळ्यांत तोच वर ओढलेला ओठ. एकात त्यानं मासोळी कानाला फोनसारखी धरली होती, एकात जाळं बुरख्यासारखं घेतलं होतं. सबनीस ते छोट्या पडद्यावर बघायचा आणि पुसून टाकायचा.

"मनसारामभाऊ," एक दिवस तो म्हणाला, "तुम्ही मला सारखं काहीतरी दाखवताय. मला बघू देत नाही."

"पाहा ना साहेब. चकटफू हाये."

"तुम्ही हसा. हसू नका असं मी म्हणत नाही. हसून झालं की सांगा."

त्या दुपारी कुंता बाजारात होती. सबनीसनं ओसरीत काळं कापड टांगलं आणि मनसारामला दारातल्या उजेडाकडं तोंड करून पाटावर बसवलं. स्वतः कॅमेऱ्यामागं बसला आणि बोलेनासाच झाला. मनसारामनं एक गंमत सांगितली. सबनीस हसला नाही. दुसरी सांगितली. समोरचा माणूस रागावलेलाही नव्हता, कंटाळलेलाही नव्हता, नुसता बसून होता. मनसारामनं बहिऱ्या सासऱ्याचं तोंड केलं, मग नवरीचं केलं. मग त्याच्याजवळ काही उरलं नाही. इतका वेळ कोणीच न हसलेलं त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं. बाहेर अंगणात कोंबड्या उकरत होत्या, तेवढाच आवाज.

तेव्हा सबनीसनं विचारलं, "या तलावानं तुम्हाला काय दिलं?"

"मासोळी देल्ली. अजून काय देनार?"

"आणि घेतलं काय?"

मनसारामनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. ओठ वर चढला नाही. खांद्यावर त्याला ते ओझं जाणवलं, ओलं आणि थंड, आणि त्याच्या पाठीवर आपटत असलेला मिथुनचा हात. तो समोर बघत होता पण सबनीसला बघत नव्हता. कॅमेरा दोनदा वाजला.

सबनीसनं पुढं काही विचारलं नाही. पाणी दिलं. बऱ्याच वेळानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. मनसाराम बघत राहिला आणि म्हणाला, "हा त माहा बाप दिसून राह्यला."

"हा फोटो लोकांना दाखवला तर चालेल तुम्हाला?"

"दाखवा जी. माह्या थोबाडाले काय धाड भरली."

सबनीसनं एक कागद पुढं केला, त्यानं सही केली. त्याला हलकं वाटत होतं. ताप उतरल्यावर अंग हलकं होतं तसं. तो संध्याकाळी कुंताची वाट बघत अंगणात बसला. ती आली, टोपलं उतरवलं, हातपाय धुतले. तो म्हणाला, "आज त्या फोटोवाल्यानं..."

"काय सोंग केलं आज?" ती पाठमोरीच म्हणाली.

त्याचा ओठ वर ओढला गेला. "माकडाचं," म्हणाला.

पाऊस सरून धान लोंबीवर आलं, त्या सुमाराला मूलच्या बसस्टँडसमोर मोठा फलक लागला. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेची दारू सोडवायची मोहीम होती. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत, चौकाचौकांत, दवाखान्यांत तेच चित्र. काळ्या पार्श्वभूमीवर मनसारामचा चेहरा, दोन मजली घराएवढा. खाली पांढऱ्या अक्षरांत: दारूनं याचं घर बुडवलं. पुढचा नंबर तुमचा?

मनसारामनं लग्नाआधी कधीमधी मोहाची चाखली होती. लग्नानंतर थेंब नाही.

तो फलक पहिल्यांदा कुंतानं बघितला. ती आणि शेजारची पुनम ऑटोतून उतरल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि वर बघितलं. पुनम दहावी शिकलेली. तिनं मोठ्यानं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "काकू, हे त मनसारामकाका होय. काकाले दारुड्या लिवलं."

कुंताला वाचता येत नव्हतं. तिला फलकावर अक्षरं दिसतच नव्हती म्हटलं तरी चालेल. तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. गाड्या हॉर्न देत बाजूनं जात होत्या, पुनम दंड धरून ओढत होती, तरी ती हलली नाही. टोपलीतलं पाणी तिच्या कानामागून गळ्यावर उतरत होतं. शेवटी ती म्हणाली, "काय लिवलं ते जाऊ दे व. हा फोटो कधीचा होय?"

त्या दिवशी ती मासोळी न विकताच परत आली. मनसाराम जाळं शिवत बसला होता.

"तुमाले रडता येते," ती म्हणाली.

"काय झालं व?"

"मूलच्या स्टँडवर तुमचा फोटो लागला. एवढा मोठा. मिथ्याले आनलं ना घरी, त्या दिवशीचं तोंड हाये त्यात. मले पाठ करून बसले होते तुमी. मले कधी दिसलं नाई." तिचा आवाज चढला नव्हता. "परक्या मानसाले दाखवलं. सगळ्या जिल्ह्याले दाखवलं. मले काऊन नाई?"

मनसारामनं जाळ्याची पुढची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः बघायला गेला. फलकाखाली उभा राहिला तर ऑटोवाल्यांनी त्याला ओळखलं. एकजण ओरडला, "पाह्य बे, खुद बेवडा आला." दहा-पंधरा माणसं जमली. सगळे त्याच्याकडं बघत होते, हसायच्या तयारीत. आणि मनसारामनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. पाय लटपटवले, दुपट्टा एका डोळ्यावर ओढला आणि फलकाला सलाम ठोकून म्हणाला, "दादा, चकना हाये का?" लोक हसून लोटपोट झाले. कोणीतरी मोबाइलवर घेतलं. सांजपर्यंत ते तालुकाभर फिरलं.

आता तो दारुड्या नाही हे कोणाला सांगणार? बाहेरगावची माणसं म्हणायची, फोटो राहू द्या, आम्ही त्याला डुलताना बघितला.

फारूकभाईला हे बघवलं नाही. त्यानं स्टुडिओ बंद ठेवून मनसारामला आपल्या मोटरसायकलवर चंद्रपूरला त्या संस्थेच्या कार्यालयात नेलं. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. खुर्ची दिली, चहा दिला.

"काका, तुमच्या चेहऱ्यानं किती काम केलंय तुम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या केंद्रात माणसं येऊन सांगतात, तो फोटो बघून दारू सोडावीशी वाटली."

"पन म्या पीत नाई बाई."

"फोटो प्रातिनिधिक आहे. एजन्सीकडून रीतसर घेतला, तुमची सही आहे त्यावर." मग त्यांनी थोडं अवघडून मोबाइल पुढं केला. त्यात मनसाराम फलकापुढं लटपटत होता. "आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला गंमत वाटतेय."

फारूकभाई म्हणाला, "मॅडम, याचं पोरगं मेलं होतं. त्याचा चेहरा होय तो."

बाईंनी मोबाइल उलटा करून ठेवला. नंतर म्हणाल्या, मोहीम वर्षअखेरीला संपते, तेव्हा फलक उतरतीलच. मधेच उतरवायचे तर वरून परवानगी लागेल, विचारून बघते. त्यांनी विचारलं की नाही कोण जाणे. फलक राहिले.

दिव्यानीची तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात ड्यूटी लागली होती. बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर तिच्या बापाचा चेहरा चिकटवलेला होता, आणि त्याच्याखालच्या टेबलावर बसून तिला गोळ्या वाटाव्या लागायच्या. तिनं कोणाला सांगितलं नाही. एकदा शिकवणारे डॉक्टर मुलींना घेऊन त्या चित्रासमोर थांबले. डोळ्यांखालची सूज बघा, म्हणाले, नजर कुठंच टिकलेली नाही, लिव्हर किती गेलं असेल याचा अंदाज चेहऱ्यावरून येतो. मुली वहीत टिपत होत्या. दिव्यानीनंही टिपलं.

पुढं तिला ते सहन होईना. एका दुपारी तिनं हेडनर्सला सांगून टाकलं, हे माझे बाबा आहेत, ते दारू पीत नाहीत. हेडनर्सनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चांगलं झालं ग. कधी सोडली त्यांनी?"

त्यानंतर दिव्यानी सुट्टीतही गावाला कमी यायला लागली.

सबनीसला फारूकभाईनंच फोन केला होता. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं तो फोटो बऱ्याच फोटोंसोबत एका एजन्सीकडं दिला होता, त्यांनी तो पुढं कोणाला विकला हे त्यानं विचारलं नव्हतं. तो पुण्याहून थेट बोडीटोल्याला आला. मनसारामच्या ओसरीत मान खाली घालून बसला.

"मी त्यांना नोटीस पाठवलीय," तो म्हणाला. "पण करारात मी तसे हक्क दिले होते. चूक माझी आहे. मनसारामभाऊ, हा फोटो मी दिल्लीला प्रदर्शनात तुमच्या नावानं लावला होता. खाली फक्त तुमचं नाव आणि गाव. माणसं त्याच्यापुढं डोळे पुसत होती. मी इतक्या वर्षांत असा फोटो काढला नाही."

"तुमचा फोटो चांगलाच होय साहेब," मनसाराम म्हणाला. "त्याच्यात खोटं काई नाई."

कुंता आतल्या दारात उभी होती. ती पहिल्यांदाच पुढं आली. "साहेब, तुमी यायले इचारलं काय होतं?"

"म्हणजे?"

"ते तोंड बाहेर काढ्याले. काय इचारलं तुमी?"

 सबनीसनं खरं ते सांगितलं. "तलावानं तुमच्याकडून काय घेतलं, एवढंच विचारलं."

कुंता हसली. तिचं हसणं गावानं फारसं बघितलेलं नव्हतं आणि ते बघण्यासारखंही नव्हतं. "मीबी हेच इचारलं होतं," ती म्हणाली. "मले जोक सांगतला त्यायनं."

 सबनीस म्हणाला, मी तुम्हा दोघांचा मिळून एक फोटो काढून देऊ का? कुंता म्हणाली, नको. खरं तोंड तुमच्यानं निघन, पन नको. तो चहा न घेताच उठला.

महिन्याभरानं त्यानं तोच फोटो चौकटीत बसवून पाठवला, हातभर उंचीचा, खाली अक्षरं नसलेला. मनसाराम म्हणाला, तलावात टाकून येतो. कुंतानं तो त्याच्या हातून घेतला आणि आतल्या खोलीत मिथुनच्या शाळेतल्या फोटोच्या बाजूला लावला.

मग घरात एक नवीनच चालू झालं. बाजारातून आल्यावर कुंता आतल्या खोलीत जाऊन बसायची आणि त्या फोटोशी बोलायची. मिथ्याच्या वेळी मला कळा कशा लागल्या होत्या, तो पहिल्यांदा तुमच्या डोंग्यात बसला तेव्हा किती भ्यायला होता, मी त्या दिवशी त्याला रागावले नसते तर तो तलावावर गेला नसता. ओसरीत जाळं शिवताना मनसारामला हे सगळं ऐकू यायचं. शेवटची गोष्ट तर त्याला माहीतच नव्हती. इतकी वर्षं ती तो दोष उराशी घेऊन होती आणि तिनं तो त्याच्याजवळ नाही, कागदाजवळ सांगितला. बाहेर आल्यावर ती त्याला विचारायची, "उद्या किती निघन?"

एकदा तो आत जाऊन तिच्या मागं उभा राहिला. ती बोलायची थांबली. तो बाहेर जाईपर्यंत बोलली नाही.

त्या वर्षी मंडईत दंडार होती. मंडळानं मनसारामला बोलावलं, तो गेला. त्यानं भित्र्या शिपायाचं सोंग घेतलं. गाववाले समोर बसले होते. त्यांनीही फलकावरचा चेहरा बघितला होता आणि तो कशाचा आहे हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मनसारामनं बंदूक उलटी धरली, पहिली गंमत टाकली. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या गमतीला पोचूबुढा खाली बघायला लागला. मागं उभी असलेली बाहेरगावची पोरं तेवढी हसत होती. "ए बेवड्या, डुलून दाखव ना बे," म्हणत होती. मनसाराम मधेच थांबला. त्यानं बंदूक पेटीवाल्याजवळ ठेवली आणि मांडवातून बाहेर पडला. त्यानंतर तो दंडारीत उभा राहिला नाही. गावात पानठेल्यावर आता त्याला बघून कोणी हसत नाही. माणसं त्याला बसायला जागा देतात आणि धानाबद्दल, पाण्याबद्दल बोलतात.

मोहीम संपली. फलक कंत्राटदाराच्या माणसांनी उतरवले. फलकाचं जाड प्लास्टिक आमच्याकडं वाया जात नाही, कोणी गोठ्यावर टाकतं, कोणी धानाच्या ढिगावर. सिंदेवाहीच्या रस्त्याला एका वीटभट्टीवर कच्च्या विटांवर अंथरलेला मनसारामचा अर्धा गाल मी स्वतः बघितला आहे.

फाल्गुनात एका दुपारी कुंताला बरं नव्हतं म्हणून ती बाजारात गेली नव्हती. ओसरीत तांदूळ निवडत होती. मनसारामनं पाट आणला, दारातल्या उजेडात ठेवला आणि तिच्यासमोर बसला.

"कुंते," तो म्हणाला, "इचार."

तिला कळलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.  मग तिनं विचारलं, अगदी हळू, "तलावानं आपलं काय नेलं जी?"

मनसारामनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं. खांद्यावरचं ओझं, पाठीवर आपटणारा हात, पाळीवरून घर येईपर्यंत पोराशी तो काय काय बोलत आला होता ते, सगळं ओठापर्यंत आलं. आणि ओठ वर ओढला गेला. त्यानं तो खाली ओढून धरायचा प्रयत्न केला, दातांनी चावला, तरी तो एका बाजूनं वर चढतच राहिला, दंडारीतल्यासारखा.

कुंता रागावली नाही. तिनं नजर त्याच्या चेहऱ्यावरून काढली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्यानं नाई होत."

तिनं सूप परत मांडीवर घेतलं आणि खडे वेचू लागली.  मनसाराम उठला, खुंटीवरचं जाळं खांद्यावर टाकलं आणि तलावाकडं गेला.